सांता रिटाच्या पायथ्याशी पक्षिनिरीक्षण : एम्पायर रँच आणि मडेरा कॅन्यनला प्रथमच जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याच्या आग्नेय भागात, टूसॉन शहराच्या दक्षिणेला, सांता रिटा नावाची पर्वतरांग वाळवंटातून एकदम वर उठलेली दिसते. तिचे सर्वोच्च शिखर माउंट राइटसन हे सुमारे ९,४५० फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ पावणेदोन पट उंच आहे. या रांगेच्या पूर्वेला विस्तीर्ण गवताळ प्रदेश असून तेथे एकोणिसाव्या शतकापासून गुरे पाळणारी एम्पायर रँच आहे, तर वायव्य उतारावर मडेरा कॅन्यन ही झाडीने भरलेली दरी आहे. फिनिक्स किंवा टूसॉनला नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींना आणि उन्हाळ्यात मुलांकडे येऊन राहणाऱ्या आईवडिलांना ही दोन्ही ठिकाणे दोन सकाळींत नीट पाहता येतात. ती कशी पाहावीत, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. पक्षिनिरीक्षणाचा पूर्वानुभव नसला तरी चालेल. पहाटे उठण्याची तयारी मात्र हवी.

१. आधी उंची आणि पाणी समजून घ्या

नवखा माणूस येथे येतो तो बहुधा हमिंगबर्डसाठी, आणि थेट मडेरा कॅन्यन गाठतो. तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या प्रदेशात कोणता पक्षी कोठे दिसेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : जमिनीची उंची आणि पाण्याचे सान्निध्य. ही दोन सूत्रे एकदा लक्षात आली की पक्ष्यांची यादी पाठ करण्याची गरज उरत नाही, आणि ती लक्षात येण्यासाठी मोकळ्या गवताळ प्रदेशासारखी जागा नाही.

टूसॉन शहर सुमारे २,४०० फुटांवर आहे. तेथे साग्वारो हे उंच, हात उभारल्यासारखे निवडुंग, मेस्किटची काटेरी झुडपे आणि तुरळक गवत दिसते. साडेचार हजार फुटांच्या आसपास साग्वारो मागे पडतात आणि गवत व ओकची झाडे सुरू होतात. त्याहून वर पाइन, आणि शिखराजवळ फर. दर हजार फुटांमागे तापमान साधारण दोन ते तीन अंश सेल्सिअसने उतरते, त्यामुळे तासाभराच्या प्रवासात वाळवंटातून थंड जंगलात पोहोचता येते. अशा एकाकी पर्वतांना येथे 'स्काय आयलंड' म्हणतात. उत्तरेकडील रॉकी पर्वत आणि दक्षिणेकडील मेक्सिकोची सिएरा माद्रे यांच्यामध्ये ते विखुरलेले असल्याने, अमेरिकेत अन्यत्र क्वचितच दिसणारे अनेक मेक्सिकन पक्षी येथे विणीसाठी येतात.

पाण्याची खूण म्हणजे कॉटनवूडचे झाड. पिवळ्या गवतातून जाणारी हिरवी रेघ लांबूनच ओळखू येते. तिच्याखाली पाणी वाहत असते किंवा जमिनीत फार खोल नसते. ओढ्याच्या या अरुंद पट्ट्यात पक्ष्यांची दाटी असते, आणि पन्नास पावले बाजूला गेले की पक्षी पूर्णपणे बदलतात. हा बदल स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे, हे पहिल्या सकाळचे खरे काम आहे.

२. हंगाम ठरवा

वर्षातून दोन काळ उत्तम. पहिला एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंतचा. त्या वेळी उत्तरेकडे जाणारे स्थलांतरित पक्षी वाटेत थांबतात आणि मेक्सिकोतून आलेले पक्षी घरटी बांधू लागतात. दुसरा जुलैच्या मध्यापासून ऑगस्ट अखेरपर्यंतचा. ज्यांनी वाळवंटात पावसाळा असतो हे ऐकलेले नाही त्यांना याचे आश्चर्य वाटेल, पण येथे जुलैच्या सुरुवातीपासून दुपारच्या गडगडाटी सरी येऊ लागतात आणि स्थानिक लोकही त्याला 'मॉन्सून' असेच म्हणतात. पावसाबरोबर गवत हिरवे होते, कीटक वाढतात, आणि काही चिमण्या जणू वसंत पुन्हा आला अशा जोमाने गाऊ लागतात. हमिंगबर्डच्या सर्वाधिक जाती दिसतात त्याही याच काळात, कारण रूफस हमिंगबर्डसारखे उत्तरेत वीण आटोपलेले पक्षी तेव्हा दक्षिणेकडे परतत असतात. जून टाळावा, तो कोरडा आणि भाजून काढणारा असतो. हिवाळ्याविषयी शेवटी लिहिले आहे.

३. दुर्बीण आणि इतर सामान

दुर्बीण ८×४२ या मापाची घ्यावी. पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते ते सांगतो, तर दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. दहा पटींची दुर्बीण जास्त चांगली असा समज असतो, परंतु तिच्यातून दिसणारे क्षेत्र बहुधा लहान असते आणि हाताचा कंपही वाढलेला दिसतो, त्यामुळे फांदीफांदीवर उड्या मारणारा पक्षी नवख्याला तिच्यात सापडत नाही.

दुर्बीण वापरण्याआधी ती स्वतःच्या डोळ्यांना जुळवून घ्यावी. उजवा डोळा मिटून, मधले चाक फिरवून एखादी पाटी डाव्या डोळ्याला स्पष्ट करावी. मग डावा डोळा मिटून उजव्या नेत्रभिंगाजवळील कडे फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्याला स्पष्ट करावी. पुढे फक्त मधले चाक वापरायचे. चष्मा असल्यास रबरी कडा आत दाबून ठेवाव्यात. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरच खिळवून ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणावी. आधी दुर्बीण लावून नंतर पक्षी शोधू नये. घरामागच्या अंगणात हा सराव करून मगच निघावे.

फोनमध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिप्रयोगशाळेची 'मर्लिन' आणि 'ईबर्ड' ही दोन विनामूल्य अ‍ॅप्स घ्यावीत. मर्लिनमधला या भागाचा पक्षिसंच घरीच उतरवून घ्यावा, कारण डोंगरात नेटवर्कची खात्री नसते. आवाजावरून पक्षी सुचवण्याची तिची सोय उपयोगी आहे, मात्र तिने सुचवलेले नाव हे केवळ सूचना म्हणून घ्यावे आणि पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नोंदवू नये.

पाणी माणशी किमान तीन ते चार लिटर बरोबर ठेवावे. रुंद कडेची टोपी, लांब बाह्यांचा फिक्या रंगाचा सदरा, पूर्ण विजार आणि घोटा झाकणारे बूट घालावेत. एक बारीक दातांचा कंगवाही खिशात असू द्यावा : चोया या निवडुंगाचे काटेरी गोळे कपड्याला चिकटले तर ते हाताने काढायचे नसतात, कंगवा खाली घालून झटकायचे असतात.

४. पहिली सकाळ : एम्पायर रँच

टूसॉनहून आंतरराज्य महामार्ग १० ने पूर्वेला जाऊन २८१ क्रमांकाच्या निर्गमनमार्गाने राज्य महामार्ग ८३ वर यावे आणि दक्षिणेकडे सुमारे १८ मैल जावे. डाव्या हाताला एम्पायर रँचची पाटी लागते. तेथून सुमारे तीन मैलांचा कच्चा रस्ता मुख्यालयापर्यंत जातो. जूनमध्ये येथे सव्वापाचच्या सुमारास आणि ऑगस्टच्या आरंभी साडेपाचनंतर उजाडते. अ‍ॅरिझोनात बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, त्यामुळे इतर राज्यांतून येणाऱ्यांनी वेळेचा हिशेब आधीच करावा. उजाडताना रँचवर असणे आणि आठ वाजता पोहोचणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. साडेनऊनंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि चांगल्या दुर्बिणीतूनही दूरचा पक्षी ओळखता येत नाही.

१८७६ साली वॉल्टर व्हेल आणि त्याच्या भागीदाराने ही रँच विकत घेतली, तेव्हा ती १६० एकरांची होती आणि तिथे मातीच्या विटांचे छोटे घर होते. पुढे तिचा विस्तार प्रचंड झाला. १९६०च्या दशकाच्या शेवटी ही जमीन घरबांधणीसाठी आणि नंतर खाणकंपनीकडे गेली होती. १९८८ मध्ये जमिनींच्या अदलाबदलीतून ती सरकारकडे आली आणि २००० साली अमेरिकन काँग्रेसने लास सिएनेगास राष्ट्रीय संवर्धन क्षेत्र स्थापन केले. इथे आज वसाहती नाहीत, गवत आहे, हे ध्यानात ठेवून या माळावर पाऊल ठेवावे. सोलापूर किंवा सासवडकडच्या माळरानांना पडीक म्हणून हिणवले जाते हे ज्यांना सलते, त्यांना या जमिनीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. रँचवर आजही गुरे चरतात. म्हणून फाटक ज्या स्थितीत सापडेल त्याच स्थितीत सोडावे : उघडे असेल तर उघडे, बंद असेल तर बंद. वासरू बरोबर असलेल्या गायीच्या जवळ जाऊ नये.

पहिला तास गवतात घालवावा. कच्च्या रस्त्याच्या कडेला, वाट न अडवता गाडी लावून इंजिन बंद करावे आणि दहा मिनिटे नुसते ऐकावे. कुंपणाच्या खांबावर पिवळ्या छातीचा, गळ्याखाली काळी पट्टी असलेला पक्षी शीळ घालत असेल, तर तो चिवावन मेडोलार्क. २०२२ साली त्याला स्वतंत्र जाती म्हणून मान्यता मिळाली. तारेवर करडा, डोळ्यांवर काळा पट्टा असलेला पक्षी दिसला तर तो लॉगरहेड श्राइक, आपल्या खाटकाचाच भाऊबंद. पकडलेले कीटक आणि सरडे काट्यावर किंवा काटेरी तारेवर खोचून ठेवण्याची त्याची रीतही तीच आहे. हवेत एका जागी पंख फडफडवत थांबणारा पांढरा शिकारी पक्षी म्हणजे व्हाइट-टेल्ड काइट. आपली कापशी घार त्याच कुळातली असल्याने तो पाहताच ओळखीचा वाटतो. गवतात प्राँगहॉर्न हे हरणासारखे दिसणारे प्राणी चरताना आढळतात; त्यांच्याकडे गाडी नेऊ नये.

खरी परीक्षा चिमण्यांची. जुलै-ऑगस्टमध्ये येथे बॉटेरीज स्पॅरो आणि कॅसिन्स स्पॅरो या दोन मातकट, रेघारेघांच्या चिमण्या शेजारी शेजारी राहतात आणि दुर्बिणीतून पाहूनही अनुभवी माणसांचा गोंधळ उडतो. येथे रंग सोडून वागणे पाहावे. कॅसिन्सचा नर झुडपावरून तिरका वर उडतो, डोके मागे टाकून, पंख पसरून तरंगत खाली उतरतो आणि त्या उतरण्यातच लांब, गोड, थरथरते गाणे म्हणतो; चंडोलाला माळावर असे करताना पाहिले असेल तर ही चाल लगेच कळते. बॉटेरीज बहुधा जागेवर बसूनच गातो : आधी दोन-चार तुटक टिपा, मग गती वाढत जाणारी एक लकेर. एका झुडपासमोर पंधरा मिनिटे उभे राहून हा फरक स्वतः टिपावा. आकार, चोच, बसण्याची जागा, हालचाल आणि सर्वांत शेवटी रंग, हा ओळखण्याचा क्रम येथे पक्का होतो आणि पुढे सगळीकडे उपयोगी पडतो.

ऊन चढू लागले की मुख्यालयाकडे यावे. जुन्या घराच्या आणि गोठ्यांच्या आसपास सेज फीबी हा फिक्या तपकिरी अंगाचा, पोटाशी केशरी झाक असलेला माशीमार पक्षी आणि भिंगऱ्या दिसतात. गुरांच्या वाड्याच्या कुंपणावर एका नराकडे मात्र पुरेसा वेळ पाहावे : व्हर्मिलियन फ्लायकॅचर. डोके, गळा आणि पोट शेंदरी लाल. डोळ्यांवरून मागे जाणारी पट्टी, पाठ आणि पंख काळपट तपकिरी. तो तारेवरून उडतो, हवेत माशी टिपतो आणि पुन्हा त्याच तारेवर, बहुतेक वेळा त्याच जागी येऊन बसतो. त्यामुळे दुर्बीण तारेवरच रोखून ठेवली तर तो आपणहून चौकटीत परत येतो. दुर्बीण सरावाने हाताळण्यासाठी त्याच्याइतका सोयीचा पक्षी नाही.

मुख्यालयाजवळूनच एम्पायर गल्च या ओढ्याची कॉटनवूडची रांग जाते. तेथील पायवाटेने सावकाश जावे. उन्हाळ्यात वरच्या फांद्यांतून ग्रे हॉकची लांब, करुण हाक ऐकू येते. हा करडा, पोटावर बारीक आडव्या रेघा असलेला शिकारी पक्षी अमेरिकेत मेक्सिकोच्या सीमेलगतच्या थोड्याच भागात घरटी करतो. समर टॅनेजरचा पूर्ण लाल नर, कॅसिन्स किंगबर्ड आणि पिवळ्या चोचीची कोकिळा, म्हणजे यलो-बिल्ड कुकू, हेही येथलेच. या कोकिळेच्या पश्चिमेकडील समूहाला २०१४ पासून कायद्याचे संरक्षण आहे, कारण ओढ्याकाठची झाडी नष्ट होत गेली तशी तीही ओसरत गेली.

५. दुसरी सकाळ : मडेरा कॅन्यन

एम्पायर रँचवरून मडेरा कॅन्यन नकाशात जवळ दिसते आणि बॉक्स कॅन्यनचा कच्चा रस्ता दोन्ही बाजूंना जोडतोही. परंतु नवख्याने, विशेषतः पावसाळ्यात, त्या वाटेला जाऊ नये. टूसॉनला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आंतरराज्य महामार्ग १९ ने दक्षिणेला जावे, ग्रीन व्हॅलीजवळ कॉन्टिनेंटल रोडला उतरावे आणि पाट्यांच्या आधाराने डोंगराकडे वळावे. हा भाग कोरोनाडो राष्ट्रीय वनात येतो आणि दिवसाचे शुल्क भरावे लागते. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असल्यास तो चालतो.

आदल्या दिवशी शिकलेले उंचीचे सूत्र येथे एका रस्त्यावरच पडताळता येते. पायथ्याच्या मेस्किटमध्ये, प्रॉक्टर रोडच्या वाहनतळाजवळ, थोडे थांबून तिथले पक्षी नोंदवावेत; मग वर जावे. ओक आणि सिकमोरची झाडी दाट झाली की पक्षी पालटतात. मेक्सिकन जे या निळसर-करड्या पक्ष्यांचे कुटुंबच्या कुटुंब आरडाओरडा करीत पुढे सरकते. ब्रायडल्ड टिटमाउस तुरा उभारून फांद्यांना उलटा लटकतो. पेंटेड रेडस्टार्ट काळ्या अंगावरचे पांढरे पट्टे उघडझाप करीत, शेपटी पसरत खोडावरून फिरतो. आपल्याकडच्या नाचणाचा त्याच्याशी संबंध नसला तरी पिसारा पसरून कीटकांना उठवण्याची युक्ती तीच.

वाटेत एकॉर्न वुडपेकर या सुतारपक्ष्याचे कोठार असलेले झाड किंवा खांब दिसल्यास जवळ जाऊन पाहावे. लाकडात शेकडो, कधी हजारो भोके पाडलेली असतात आणि प्रत्येकात ओकचे एकेक फळ ठोकून बसवलेले असते. फळ वाळून आकसले की ते सैल होते. तेव्हा पक्षी ते काढून त्याच्या नव्या मापाच्या, अधिक घट्ट भोकात हलवतो. हे काम एकटा पक्षी करत नाही. सबंध कुटुंब कोठार भरते, तपासते आणि राखते. पांढऱ्या बुबुळांचा, लाल टोपीचा एखादा पक्षी आपल्याकडे रोखून पाहत ओरडू लागला, तर तो राखणीवर आहे असे समजून दोन पावले मागे यावे.

सांता रिटा लॉज या जुन्या निवासाच्या अंगणात हमिंगबर्डसाठी साखरपाण्याची भांडी टांगलेली असतात आणि बाहेरच्यांनाही बसून पाहता येते; तेथील देणगीपेटीत यथाशक्ती रक्कम टाकावी. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच आढळतात. आपले शिंजीर त्यांच्यासारखे दिसत असले तरी वेगळ्या कुळातले आहेत. सगळीकडे नजर फिरवण्यापेक्षा एकच भांडे निवडून त्याच्याकडे पाहत राहावे. लाल चोच आणि निळा गळा असलेला नर म्हणजे ब्रॉड-बिल्ड. बाकीच्यांपेक्षा ठळकपणे मोठा, आला की इतरांना बाजूला सारणारा आणि प्रथमदर्शनी निव्वळ काळा वाटणारा तो रिव्होलीज. त्याने मान वळवली आणि प्रकाश योग्य कोनात पडला की गळा हिरवा आणि माथा जांभळा झळकतो, आणि दुसऱ्याच क्षणी पुन्हा काळा होतो. हा रंग पिसांतील रंगद्रव्याचा नसून त्यांच्या सूक्ष्म रचनेवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा आहे, म्हणून ओळखण्याची घाई न करता पक्षी वळण्याची वाट पाहावी. घरी असे भांडे टांगायचे असल्यास एक भाग साधी पांढरी साखर आणि चार भाग पाणी घ्यावे, कोणताही रंग घालू नये आणि उन्हाळ्यात भांडे एक-दोन दिवसांआड धुवावे.

रस्ता संपतो त्या वरच्या वाहनतळापासून ओढ्याकाठी चढणाऱ्या पायवाटांवर एलिगंट ट्रोगॉन दिसण्याची शक्यता असते. नराची पाठ हिरवी, पोट लाल, छातीवर पांढरा पट्टा आणि चोच पिवळी. कोयना, आंबोली किंवा गोव्याच्या जंगलात मलबार ट्रोगॉन पाहिलेल्याला हे कूळ नवे नाही, आणि युक्तीही तीच लागू पडते : हा पक्षी बराच वेळ निश्चल बसतो, म्हणून चालण्यापेक्षा थांबून सिकमोरच्या मधल्या फांद्या एकेक करून तपासाव्यात. त्याचा आवाज घोगरा आणि एकसुरी असतो. फोनवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. तो सिकमोरच्या ढोलीत घरटे करतो, आणि प्रतिस्पर्धी आला असे समजून अंडी किंवा पिल्ले सोडून तो ध्वनीमागे धावतो. त्याचे छायाचित्र नाही मिळाले तरी चालेल, पण या एका बाबतीत कोणतीही सवलत घेऊ नये.

६. पाऊस, साप आणि कागदपत्रे

पावसाळ्यात दुपारी बारानंतर डोंगरावर ढग जमू लागले की परतावे. येथले कोरडे ओढे, ज्यांना 'वॉश' म्हणतात, डोंगरावर दूर कोठेतरी पडलेल्या पावसाने काही मिनिटांत भरून येतात. रस्त्यावर पाणी वाहत असेल तर ते कितीही उथळ वाटले तरी गाडी घालू नये. अडथळे लावून बंद केलेल्या अशा रस्त्यात गाडी घालून अडकल्यास सुटकेचा खर्च चालकाकडून वसूल करण्याची तरतूद अ‍ॅरिझोनाच्या कायद्यात आहे.

रॅटलस्नेक हे विषारी साप उष्ण महिन्यांत सकाळ-संध्याकाळ वाटेवर येतात. जेथे दिसत नाही तेथे हात किंवा पाय घालू नये. शेपटीचा खुळखुळ आवाज आला तर जागीच थांबून साप कोठे आहे ते पाहावे आणि मग मागे सरावे. मडेरा कॅन्यनमध्ये काळी अस्वले आहेत, त्यामुळे खाद्यपदार्थ उघड्यावर ठेवू नयेत. आगीबाबत तर अतिशय सावध राहावे : एप्रिल २०१७ मध्ये एका घरगुती समारंभातील स्फोटाच्या ठिणगीने लागलेली आग सांता रिटाच्या पायथ्यापासून पसरत सुमारे ४७,००० एकर जाळून गेली आणि लास सिएनेगासच्या गवतापर्यंत पोहोचली. वाळलेल्या गवतावर तापलेली गाडीही उभी करू नये.

मेक्सिकोची सीमा जवळ असल्याने महामार्ग १९ आणि ८३ वर उत्तरेकडे परतताना सीमा गस्ती दलाची तपासणी चौकी लागू शकते. भारतीय पासपोर्टधारकांनी मूळ पासपोर्ट, व्हिसा आणि आय-९४ (अमेरिकेतील प्रवेशाची नोंद) ची प्रत, तसेच ग्रीन कार्ड असल्यास ते, बरोबर ठेवावे. आईवडील बरोबर असतील तर त्यांची कागदपत्रे हॉटेलमध्ये राहिलेली नाहीत ना, हे पहाटे निघतानाच पाहावे.

७. नोंदी आणि पुढची फेरी

ईबर्डवर दोन सकाळींची एकच यादी करू नये. गवत, एम्पायर गल्च, प्रॉक्टर रोड, लॉज आणि वरची पायवाट अशा पाच वेगळ्या याद्या कराव्यात आणि प्रत्येकीत सुरुवातीची वेळ, चाललेले अंतर आणि पक्ष्यांची संख्या लिहावी. घरी आल्यावर त्या शेजारी ठेवून वाचल्या की कोणता पक्षी कोणत्या उंचीला आणि पाण्यापासून किती अंतरावर दिसला, हे स्वतःच्याच नोंदींतून कळते. न ओळखलेल्या पक्ष्याला 'अनोळखी चिमणी' असेच लिहावे. अंदाजाने नाव देऊ नये.

पुढची फेरी हिवाळ्यात करावी. तेव्हा एम्पायर रँचच्या गुरांच्या पाणवठ्यांवर चेस्टनट-कॉलर्ड लाँगस्परचे थवे पाणी प्यायला उतरतात आणि गवतावरून नॉर्दर्न हॅरियर खालून खालून तरंगत जातात. तो शिकारीचाही हंगाम असल्याने भडक केशरी टोपी घालावी. एक दिवस जास्त मिळाला तर पूर्वेकडील सल्फर स्प्रिंग्ज खोऱ्यात व्हाइटवॉटर ड्रॉ या पाणथळ जागी जावे. तेथे हजारो सँडहिल क्रौंच मुक्कामाला असतात. ते सकाळी शेतांत चरायला जातात आणि बरेचसे दुपारच्या आसपास पाण्यावर परततात, त्यामुळे या एका ठिकाणी अकरा वाजता पोहोचले तरी उशीर होत नाही.